करडा रंग

"एकोणीस मिनिटं!" जिपार खुर्चीतून उठलीच. "एजे, बघा तरी! मी मघाशी ओतलेला चहासुद्धा अजून कोमट आहे."

तळ्यांवर नजर ठेवणाऱ्या त्या केंद्रात सगळे अनारकानला एजे, म्हणजे ताई, म्हणत. तिने आधी पडद्याकडे पाहिले, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. अकरा तळ्यांची अकरा नावे एकाखाली एक उमटली होती आणि प्रत्येक नावापुढे रंगाचा एक ठिपका होता. नऊ हिरवे, दोन पिवळे. हेच ठिपके उमटायला गेल्या आठवड्यापर्यंत चार तास दहा मिनिटे लागत होती.

"काहीतरी गाळलं असणार त्यानं," ती म्हणाली.

"गाळलं नाही हो. फुकटच्या येरझाऱ्या कमी केल्या. सव्वीस वर्षं तुम्ही त्याला दोरी बांधून चालवत होता, आता सोडलंत."

अनारकान हसली. हसायचे नाही असे ठरवूनही तिला हसू आवरले नाही.

प्रोग्रॅम तिचा होता. डोंगरात वर, हिमनद्यांच्या पायथ्याशी, बर्फाने आणि दगडमातीने अडवलेली तळी आहेत. उन्हाळ्यात ती भरतात. एरवी बर्फातल्या बोगद्यांमधून पाणी गुमान वाहून जाते, पण एखाद्या वर्षी बोगदा बुजतो, पाणी चढत राहते आणि मग सगळा बांध दगडधोंड्यांसकट खाली दरीत येतो. कुठले तळे संध्याकाळपर्यंत किती भरेल हे सकाळच्या नोंदींवरून सांगायचे, एवढेच त्या प्रोग्रॅमचे काम. हिरवा म्हणजे निर्धास्त. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. लाल म्हणजे माणसे हलवा. आणि चौथा एक करडा रंग होता. तळ्यावरच्या यंत्राकडून नोंद आलीच नाही, तर करडा. करडा आला की अनारकान फोन उचलायची आणि तिथल्या निरीक्षकाला विचारायची, काय झाले म्हणून.

तिने हे सगळे लिहिले तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. तिचे तेव्हाचे वरिष्ठ व्हिक्तर पाव्लोविच मोठे कडक. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो तो कंपायलर, आणि त्या काळचा कंपायलर वेगाच्या नादात कधीकधी उत्तरच चुकवायचा. म्हणून त्यांनी सांगून ठेवले होते की त्याला शहाणपणा करू द्यायचा नाही, लिहिले आहे तसेच्या तसे उतरवायला लावायचे. पाव्लोविच रशियाला निघून गेले. कंपायलर बदलले, यंत्रे दोनदा बदलली. त्या सूचनेला मात्र कोणी हात लावला नाही. अनारकाननेही नाही. नवरा गेला, मुलगा अल्माटीला ट्रक चालवायला गेला, केस पांढरे झाले. प्रोग्रॅम रोज सकाळी सहाला सुरू होई आणि दहा वाजून दहा मिनिटांनी थांबे.

मग कादिर्बेक केंद्राचा संचालक होऊन आला. वयाने तिच्याहून नऊ वर्षांनी लहान, चांगला माणूस, पण घाईचा. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "अनारकान-एजे, आता उन्हाळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. दुपारी दोनला जे पाणी चढतं ते सकाळच्या आकड्यांत कसं दिसणार? दिवसातून तीनदा चालवता येईल असं करा. अर्ध्या तासात उत्तर हवं."

"नवं, वेगवान यंत्र द्या."

"यंत्र नाही. तुम्ही आहात."

जिपार शिकून येऊन दोनच वर्षे झाली होती. तिनेच सांगितले की कंपायलरला हुकूम देताना शेवटी दोन-चार अक्षरे जोडायची, बाकी प्रोग्रॅमची एक ओळही बदलायची नाही. अनारकानला पटेना. पण एका सोमवारी तिने पहिली पायरी करून पाहिली. चार तास दहाचे दोन तास झाले. मंगळवारी दुसरी पायरी, सव्वा तास. बुधवारी तिसरी, पंचावन्न मिनिटे. दर वेळी तिने मागच्या सात उन्हाळ्यांतल्या एकेका दिवसाच्या नोंदी रात्रभर नव्याने चालवून जुन्या उत्तरांशी ताडून पाहिल्या. दशांशाच्या तिसऱ्या घरापर्यंत फरक नाही. गुरुवारी बाजारातून कोथिंबीर आणताना ती चक्क गुणगुणत होती, आणि ते लक्षात आल्यावर तिचे तिलाच नवल वाटले.

पंचावन्न मिनिटे. तिथे थांबायला हरकत नव्हती.

"अजून एक आहे," शुक्रवारी जिपार म्हणाली. "फास्ट-मॅथ म्हणतात त्याला. गणित थोडं सैल सोडायचं. म्हणजे बेरजेचा क्रम त्याला सोयीचा वाटेल तसा लावू द्यायचा. तुमचा सगळा प्रोग्रॅम बेरजांचाच आहे. यानं खरी धाव येईल."

"सैल म्हणजे चुकीचं नव्हे ना?"

"नव्हे. पुस्तकात वाचा की."

अनारकानने वाचले. चष्मा लावून, पेन्सिल हातात धरून वाचले. एका परिच्छेदात वाक्य होते की हा पर्याय दिल्यास कंपायलर असे गृहीत धरतो की ज्या संख्या नाहीतच अशा खुणा हिशेबात कधी येणार नाहीत. तिने त्या वाक्याखाली रेघही ओढली. मग सात उन्हाळ्यांच्या नोंदी चालवल्या. एकोणीस मिनिटे. तिसऱ्या घरापर्यंत फरक नाही.

रेघ पुस्तकात राहिली. प्रोग्रॅम सोमवारपासून कामाला लागला.

आणि तो कामाला आला, हेही सांगितले पाहिजे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुपारच्या दोनच्या फेरीत पूर्वेकडचे एक तळे हिरव्याचे एकदम लाल झाले. सकाळी ते हिरवेच होते. कादिर्बेकने तिथल्या पुलावरचा रस्ता बंद करवला, आणि साडेचारला पाणी त्या पुलावरून गेले. पुलाच्या अलीकडे दोन गाड्या भरून डोंगर चढायला निघालेले परदेशी लोक उभे होते, त्यांनी त्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी कादिर्बेक भला मोठा केक घेऊन आला. "जुन्या चालीनं हे आपल्याला कळलंच नसतं," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "एजेंनी सव्वीस वर्षांचं ओझं उतरवलं." अनारकान लाजून लाल झाली. जिपार टाळ्या वाजवत होती.

केक खाताना जिपारच म्हणाली, "आणि यंदा यंत्रंसुद्धा काय शहाण्यासारखी वागताहेत! दोन आठवड्यांत एकही करडा नाही."

"खरंच की," कादिर्बेक म्हणाला. "बघा, एकदा शिस्त लागली की सगळ्यालाच लागते."

अनारकानच्या मनात पाल चुकचुकली. वरच्या यंत्रांना वारा, गारा, दरडी, वायरी कुरतडणारे मारमोट अशी हजार दुखणी. आठवड्याला एखादा तरी करडा यायचाच. पण तेवढ्यात कोणीतरी तिच्या बशीत दुसरा तुकडा वाढला, आणि ती नको नको म्हणत राहिली.

जुलैची तेवीस तारीख, बुधवार. तीन दिवसांपासून ऊन असे पडत होते की डांबरी रस्त्याला चपला चिकटत होत्या. दुपारी साडेबाराला फोन वाजला.

"अनारकान, जिवंत आहेस ना?"

आवाज आक-कियाच्या कालमुरात-आकेंचा; आके म्हणजे थोरले दादा. आक-किया म्हणजे तेशिक-कोल तळ्याखालच्या दरीतले शेवटचे गाव. तळ्याची देखरेख आके वीस वर्षे करत होते. दर सप्टेंबरला यंत्राची दुरुस्ती करायला अनारकान वर जायची, तेव्हा घोड्यावर पुढे तेच असत. एरवी ओळख फोनवरची, आठवड्यातून एकदा-दोनदा.

"जिवंत आहे, आके. का हो?"

"फोन नाही तुझा किती दिवस! म्हटलं, रागावलीस की पेन्शनीत निघालीस."

"राग कसला! कामच पडलं नाही. तुमचं तळं रोज हिरवं येतंय."

पलीकडून आकेंचा खोकला ऐकू आला.

"हिरवं? ते कशावरून? अगं, यंत्राचा खांब शुक्रवारी आडवा झालाय. दरड आली वरून. वायर तुटून लोंबतेय. मी म्हटलं, तुला करडं दिसेलच, तू फोन करशील, तेव्हा सांगू. शनिवार गेला, रविवार गेला..."

अनारकान खुर्चीतून उठून उभी राहिली. बाहेर छत्तीस अंश होते.

"आके, नदी कशी आहे?"

"त्यासाठीच फोन केलाय. कालपासून बारीक झालीय. असलं ऊन आणि मधले दगड कोरडे! गावातली पोरं पायी पलीकडे जाताहेत. बायका म्हणतात बरं झालं, गालिचे धुवायला आत उतरता येतं."

ऐन उन्हाळ्यात नदी आटते तेव्हा पाणी कुठे जात असते, हे दोघांनाही ठाऊक होते.

"वर जाऊन बघून याल?" तिने विचारले.

"खोगीर घालूनच फोन लावलाय. वर मोबाईल लागत नाही, वायरलेस नेतो. तुमचं ते डबडं चालू ठेवा."

तिने फोन ठेवला आणि प्रोग्रॅमची नोंदवही उघडली. गावांना रोज जाणाऱ्या बातमीपत्रात फक्त रंग जात. आकडे या वहीत पडत आणि ती कोणी वाचत नसे, कारण वाचायची गरजच नव्हती. तेशिक-कोलच्या पुढे शुक्रवार दुपारपासून आकडा नव्हता. त्या जागी यंत्र ठेवते ती खूण होती, 'ही संख्या नाही' अशी. दिवसाला तीन, पाच दिवस. आणि प्रत्येक खुणेपुढे हिरवा.

ती पुढची पाने उलटत गेली. आणखी तीन तळ्यांपुढे तीच खूण. एकाच्या पुढे तर दोन आठवड्यांपासून.

"जिपार," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की जिपार धावतच आली.

करडा रंग देणारी ओळ अनारकानला तोंडपाठ होती. ही 'संख्या नाही' नावाची खूण विचित्र असते. तिची कशाशीही तुलना केली तरी उत्तर 'नाही' येते, अगदी तिची तिच्याशी केली तरी. म्हणून अनारकानने लिहिले होते: नोंद जर स्वतःच्या बरोबर नसेल, तर करडा दाखव. सरळ, छोटी ओळ. तिने आता दहा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला, त्यात तेवढीच एक तपासणी घातली आणि मुद्दाम रिकामी नोंद दिली. जुन्या पद्धतीने उतरवून चालवला. 'करडा.' मग तीच अक्षरे, तोच हुकूम, शेवटी सैल गणिताची सूचना.

'हिरवा.'

"त्यानं ओळच काढून टाकलीय," जिपार पुटपुटली. "कुठलीही संख्या स्वतःच्या बरोबर असतेच, असं धरून. आणि मग धोक्याच्या पातळीपेक्षा जास्त आहे का, तर नाही. पिवळ्यापेक्षा जास्त आहे का, तर नाही. म्हणून हिरवा. पण एजे, आपण सात वर्षं तपासली होती ना!"

"त्या नोंदींतल्या रिकाम्या जागा दर हिवाळ्यात मीच हातानं भरत होते," अनारकान म्हणाली. "तपासायला त्यात काही उरलंच नव्हतं."

तिने वायरलेसचा आवाज मोठा केला आणि ती संचालकाच्या खोलीत गेली.

कादिर्बेकने ऐकून घेतले. चेहऱ्यावरचा घाम पुसला. "म्हणजे यंत्र बिघडलंय. ठीक आहे, उद्या सकाळी माणूस पाठवतो."

"यंत्र बिघडलं ते आपल्याला कळलं असतं. न कळण्याची सोय मी केली."

"एजे, दोन वर्षांपूर्वी याच गावाला आपण वर नेऊन बसवलं होतं. आलं का काही? पेपरवाल्यांनी कसं सोलून काढलं आठवतंय ना? मला वरच्यांना काहीतरी दाखवावं लागेल. जुनं चालवा. चार तासांनी जे येईल ते घेऊन मी स्वतः बोलतो."

"जुनं चालवलं तर ते करडं म्हणेल. करडं म्हणजे माहीत नाही. वर पाणी किती आहे हे आत्ता कोणालाच माहीत नाही, कादिर्बेक. कालमुरात-आके चढताहेत, तेच काय ते सांगतील."

कादिर्बेक उठला आणि तिच्या मागोमाग येऊन वायरलेसच्या टेबलाशी उभा राहिला. तिघेही उभेच होते. डबडे नुसते खरखरत होते. जिपारने एकदा घड्याळाकडे पाहिले आणि पुन्हा पाहायचे नाही असे ठरवल्यासारखी पाठ फिरवली.

दोन वाजून दहा मिनिटांनी आवाज आला.

"अनारकान, ऐकतेयस? काठाला दोन हात राहिलेत. बोगद्याचं तोंड बुजलंय, बर्फाचा डोंगरच्या डोंगर आत बसलाय. आणि बांधातून आवाज येतोय."

"कसला आवाज?"

"कढईत वाळू परतावी तसा. बंद होत नाही. पायाखालूनच येतोय."

कादिर्बेकने तिथूनच आपत्ती खात्याला फोन लावला. त्याचे बोलणे एकदम स्पष्ट होते. अनारकानने दुसरा फोन उचलून आक-कियाचा गावप्रमुख गाठला.

"पुन्हा?" तो हसलाच. "बाई, गेल्या वेळी तीन तास कबरस्तानात बसवलंत आम्हाला. आजोबा-पणजोबांना भेटून आलो. आज काय, नदीत पाणी नाही म्हणून पळायचं? सकाळी तुमचंच बातमीपत्र आलंय, हिरवंगार."

"ते खोटं आहे."

"काय?"

"पाच दिवस मी तुम्हाला खोटं सांगतेय. जाणूनबुजून नव्हे, पण खोटंच. चूक माझ्या हातची आहे, माझं नाव अनारकान, लिहून ठेवा, मागाहून हवं ते करा. आत्ता खरं सांगते. कालमुरात-आके तळ्यावर उभे आहेत. काठाला दोन हात राहिलेत."

पलीकडे फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला, दार आपटले, आणि थोड्या वेळाने, त्या उघड्या राहिलेल्या फोनमधूनच, मशिदीच्या भोंग्यावरून कोणीतरी घराघरांची नावे घेऊन हाका मारू लागलेले तिला ऐकू आले.

ती वायरलेसकडे वळली. "आके, गाव निघालं. तुम्ही आता कड्यावर चढा. खाली उतरू नका."

"खिंडीच्या तोंडाशी दोन तंबू आहेत गं. मेंढपाळ आश्यर आणि त्याच्या घरची माणसं. परवाच आलेत. तिथं ना तुझा फोन लागतो, ना भोंगा ऐकू येतो."

"आके, दुसरं कोणीतरी..."

"दुसरं कोण आहे इथं?" ते चिडून म्हणाले. मग आवाज मऊ झाला. "वाटेतच आहे. त्यांना वर पिटाळतो आणि मी पण चढतो. ठेवू? घोडा बावरलाय, एका हातानं आवरत नाही."

तेशिक-कोल तीन पस्तीसला फुटले.

गाव कबरस्तानाच्या टेकडीवर बसून बघत होते. आधी वारा आला आणि ओल्या मातीचा वास. मग दरीच्या तोंडातून काळे काहीतरी बाहेर पडले, त्यात घरांएवढे दगड एकमेकांवर आपटत होते. अकरा घरे गेली, पूल गेला, शाळेची नदीकडची भिंत गेली. टेकडीवर तीनशे बारा माणसे होती. गावप्रमुखाने ती दोनदा मोजली.

दोन तंबूंतले नऊ जण रात्र पडायच्या आत वरच्या धारेवर सापडले. सगळे धड होते. म्हणाले, म्हातारा ओरडतच आला. आम्हाला वाटले प्यालेला आहे. त्याने दोन लहान पोरे उचलून स्वतःच्या घोड्यावर बसवली, घोड्याच्या पाठीवर चाबूक ओढला आणि आमच्या लंगड्या बापाला खांद्याचा आधार देऊन चढायला लागला. अर्ध्या चढावर थोरल्या भावाने बापाला घेतले. म्हातारा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मला दम लागलाय, येतोच मागून.

आके चौथ्या दिवशी सापडले, गावाच्याही खाली, नदीच्या वाळवंटात.

ऑगस्टमध्ये चौकशी समिती आली. चार माणसे, चार फायली. कादिर्बेकने अहवालाचा मसुदा करून ठेवला होता: दरड कोसळून तळ्यावरील यंत्र निकामी झाले, त्यामुळे पूर्वसूचनेत विलंब झाला. यात एक शब्दही खोटा नव्हता.

"यावर सही करा, एजे," तो म्हणाला. "सगळं गाव वाचलंय. आपलं केंद्र टिकायला हवं. पुढच्या वर्षी निवृत्त होताय, मानानं जा."

"विलंब दरडीमुळे झाला नाही. शुक्रवारी दरड आली, शुक्रवारी करडा आला असता, शनिवारी आके वर गेले असते. पाच दिवस मिळाले असते. तंबू उठवले असते, बोगदा फोडायला माणसं नेली असती."

"किंवा नसतीही."

"किंवा नसतीही. पण ते ठरवायला पाच दिवस मिळाले असते."

तिने एका कोऱ्या कागदावर हाताने लिहिले. कुठला पर्याय, कुठल्या तारखेला, कोणाच्या हाताने. कुठले वाक्य वाचले होते आणि रेघ ओढूनही सोडून दिले. जिपार शेजारी उभी राहून रडत होती.

"मीच सुचवलं होतं, एजे. माझं नाव का नाही घालत?"

"तू सुचवलंस. हुकूम मी दिला. माझ्या हुकुमाला तुझं नाव कसं घालू?"

समितीतल्या सर्वांत वयस्कर माणसाने तो कागद वाचला, परत वाचला, आणि विचारले, "म्हणजे नेमकं काय, यंत्रानं तुमची एक ओळ पुसली?"

"पुसली नाही. त्याला ती निरर्थक वाटली. वाटावी असं मीच त्याला सांगितलं होतं."

त्याने मान डोलावली आणि कागद फायलीत लावला. महिनाअखेरीला अनारकानला कामावरून मुक्त केल्याचे पत्र आले. त्याआधी तिने एक काम उरकले. जिपारला खुर्चीत बसवले, स्वतः मागे उभी राहिली, आणि सैल गणिताची सूचना तिच्याकडून काढवली. प्रोग्रॅम पंचावन्न मिनिटे चालला. दोघींनी सबंध वेळ पडद्यासमोर काढला. अकरा नावे उमटली. त्यांत चार ठिपके करडे होते.

"कर फोन," अनारकान म्हणाली आणि पिशवी उचलून घरी गेली.

माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी जेवण घालतात, आकेंच्या त्या दिवसाला ती आक-कियाला गेली. तिला कोणी बोलावले नव्हते. मिनीबस नव्या कच्च्या पुलापर्यंतच गेली. पुढे ती वाळलेल्या चिखलातून चालत गेली. कालमुरात-आकेंचे घर उंचावर होते, त्याला काही झाले नव्हते. अंगणात चुली पेटल्या होत्या, पुरुष एका बाजूला मांस तोडत होते आणि सफरचंदाच्या झाडाखाली दहा-बारा बायका गाजरांच्या ढिगाभोवती बसल्या होत्या. पुलावाकरता ढीगभर गाजरे लागणार होती.

"तुम्ही कोणाकडच्या, एजे?" एका तरुण सुनेने विचारले.

"मी शहरातून आलेय. केंद्रातली. अनारकान."

सुऱ्या थांबल्या. एकीने दुसरीकडे पाहिले. मधोमध बसलेल्या पांढऱ्या रुमालातल्या म्हातारीने मान वर केली. ही बुसारा, आकेंची बायको. आजवर अनारकानने तिला पाहिले नव्हते. सप्टेंबरमध्ये ती नेहमी लेकीकडे गेलेली असायची.

"फोनवाली?" बुसाराने विचारले.

"हो."

"तो रोज म्हणायचा, आज येईल तिचा फोन. जेवताना फोन शेजारी घेऊन बसायचा. मी म्हटलं, तूच लाव की. तर म्हणतो, तिला दिसतंय सगळं, कामात असेल, उगाच कशाला त्रास."

अनारकान उभीच होती. चुलीवरच्या कढईत तेल तापल्याचा आवाज येत होता. कोणीतरी पुरुषांकडून मीठ मागत होते.

बुसारा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग ती किंचित सरकली, चटईवर तिच्या शेजारी एका माणसापुरती जागा झाली. समोरच्या गाजरांतली निम्मी तिने दोन्ही हातांनी ओढून त्या जागेपुढे केली आणि सुरी उलटी धरून, मुठीकडून, अनारकानपुढे केली.

"लांब चिरायची," ती म्हणाली. "जाड नको."

अनारकान खाली बसली, बाह्या मागे सारल्या आणि पहिले गाजर उचलले.